ठेवलेलं मूल्य, मानलेलं मूल्य

माहीममध्ये पानवेलीवर बोलायला सांगितलं असतं तर मी नकार दिला असता. इथे त्यातले जाणकार फार. पण समोर बोईसर-तारापूरच्या रासायनिक कारखान्यांत पाळी करणारेही आहेत, म्हणून आजच्या विषयाची धास्ती नाही. रिॲक्टरचं तापमान पॅनेलवर ८० ला लावलं, तरी आतला माल लगेच ८० वर जात नाही. म्हणून पॅनेलवर दोन आकडे दिसतात: सेट पॉइंट वेगळा, मोजलेलं तापमान वेगळं.

सॉफ्टवेअरमध्येही हाच पेच येतो. लायब्ररीत, म्हणजे इतर प्रोग्रॅम वापरतात त्या तयार कोडच्या संचात, मूल्य ठेवणारं फंक्शन म्हणजे सेटर, विचारलं की सांगणारं म्हणजे गेटर. आता गेटरने कुठला आकडा सांगायचा?

हार्फबझ ही लायब्ररी घ्या. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिबरऑफिस, सगळीकडे देवनागरीची जोडाक्षरं जुळवायला ती असते. मजकुराची भाषा कळवण्यासाठी तिच्यात एक सेटर आहे. त्याला मराठीचा ‘एमआर’ हा संकेत दिला आणि फॉन्टात सोय असली, की ल आणि श मराठी वळणाचे उमटतात; राज्य शासनाच्या २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयातले, पाकळीचा ल आणि देठाचा श.

संकेत दिलाच नाही तर? तोवर गेटर रिकामं मूल्य देतो. हे मला प्रामाणिक वाटतं. पण लायब्ररीत अंदाज बांधणारंही एक फंक्शन आहे. ते लिपी मजकुरावरून ओळखतं, दिशा लिपीवरून ठरवतं, आणि भाषा? ती चालू संगणकाच्या सेटिंगमधून उचलतं! संगणक इंग्रजीवर असला की मराठी परिच्छेदावर इंग्रजीचा शिक्का बसतो, आणि पुष्कळ फॉन्टांत ल-श हिंदी वळणावर जातात. त्यानंतर गेटरला विचारा, तो ‘इंग्रजी’ म्हणेल. कुणी सांगितलं म्हणून, की आपणच मानलं म्हणून, हे त्या उत्तरातून कळत नाही. माझ्या मते इथे आणखी एक छोटा गेटर हवा होता.

ही लायब्ररी अनेक प्रोग्रॅमिंग भाषांतून वापरायची, म्हणून तिचा बाहेरचा दरवाजा सी भाषेच्या धाटणीचा आहे. सी-शी बोलणं बहुतेक भाषांना जमतं. वरचा पेहराव ज्याचा त्याचा. जावावाले नावाआधी ‘गेट’ लावतील, पायथॉनवाले नुसतं बरोबरचं चिन्ह टाकून भाषा नेमतील. पायथॉनचं सुटसुटीत दिसतं खरं, पण जे काम फसू शकतं किंवा वेळ खातं, ते असं साध्या नेमणुकीच्या वेषात लपवू नये.

खरी गोची स्मृतीची. जुळवलेल्या अक्षराकृतींची यादी मागितली की सी-तला गेटर यादी देत नाही, स्वतःच्या जागेचा पत्ता देतो. मजकूर ठेवायच्या त्या जागेत, म्हणजे बफरमध्ये, नवा मजकूर घातला की पत्ता बाद. पायथॉन किंवा जावाचा कचरा उचलणारा गडी, म्हणजे नको असलेली स्मृती मोकळी करणारी सोय, आपल्याच घरापुरता. त्याला याची खबर नसते. तिथे बांधणी करणाऱ्याने, म्हणजे लायब्ररी त्या भाषेला जोडून देणाऱ्याने, नक्कल काढूनच द्यावी. भाषेचं मूल्य मात्र एकदा तयार झालं की प्रोग्रॅम संपेपर्यंत राहतं, ते तसंच दिलं तरी चालतं. म्हणजे दिसायला सारख्या दोन गेटरांचे करार वेगळे. हार्फबझच्या मूळ कोडमध्ये फंक्शनावरच्या टिपणीत मालकी कुणाकडे जाते ते ठरावीक खुणेने लिहिलेलं असतं, माणसाला वाचता येईल आणि बांधणी तयार करणाऱ्या यंत्रालाही.

तुमच्यापैकी जे गावाच्या, शाळेच्या वेबसाइट करतात, त्यांनी पानाच्या पहिल्याच टॅगमध्ये भाषेचा संकेत ‘एमआर’ लिहावा. ब्राउझर तोच पुढे या सेटरच्या हाती देतो.