पहिली आरसी बग्गी: १५ हजारांत रेसिंगला उतरायचं तर

आजच्या भागाचं निमित्त आहे साताऱ्याहून आलेला एक व्हॉइस मेसेज. मुलगा बारावीत आहे. दिवाळीत आकाशकंदिलाच्या स्टॉलवर पंधरा दिवस उभा राहिला, त्याचे पैसे आणि मामाने दिलेले थोडे, असे मिळून १५,००० रुपये जमलेत. म्हणतो, "दादा, ८० किलोमीटर स्पीडची बग्गी १४,९०० ला मिळतेय. सेल रविवारी संपतोय. मला रेसिंग करायचंय. घेऊ का?"

मेसेज ऐकला आणि त्याला लगेच फोनच लावला. कारण हे गणित मी स्वतः चुकवून बसलोय.

फोनवर त्याला पहिला प्रश्न विचारला, "तू रेस लावणार कुणाशी?" पलीकडे शांतता. मग म्हणाला, "ते बघू ना दादा, आधी गाडी तर येऊ दे."

मीही अगदी हेच म्हणालो होतो. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो, पुण्यात होस्टेलवर. १/८ स्केलची जुनी ब्रशलेस बग्गी १३,००० ला उचलली. दिसायला वाघ! पहिल्याच दिवशी पार्किंगच्या कठड्यावर घातली आणि पुढचा आर्म तुटला. आर्म म्हणजे चाक आणि चॅसी यांना जोडणारा प्लास्टिकचा हात. हा तुटणारच, तो त्याचसाठी असतो. पण विकणाऱ्याकडे तो पार्ट नाही, दुसरीकडे कुठे मिळेना. अडीच महिने गाडी कपाटावर. शेवटी पार्ट आला, गाडी जोडली, शहराबाहेर काही मुलं रविवारी मुरमाच्या प्लॉटवर चालवायची तिथे मोठ्या तोऱ्यात गेलो. त्यांनी उतरूच दिलं नाही!

त्यांचं बरोबर होतं. ती सगळी १/१० च्या टू-व्हील ड्राइव्ह बग्ग्या चालवत होती. त्या गाडीचं वजन साधारण दीड किलो. माझी साडेतीन किलोच्या आसपास. एका वळणावर माझी गाडी त्यांच्यावर चढली असती तर कुणाचा तरी महिनाभराचा पॉकेटमनी गेला असता. म्हणून रेसिंगमध्ये क्लास असतात. सारखं स्केल, सारखी ड्राइव्ह, शक्यतो सारखी मोटर. तुमची गाडी कितीही भारी असू दे, तिच्या क्लासमध्ये दुसरं कुणी नसेल तर तुम्ही रेसर नाही, फिरायला आलेले पाहुणे.

तेव्हा गाडी शेवटी ठरवायची. आधी तुमच्या जवळ कुठे चालवतात ते शोधा आणि एका रविवारी रिकाम्या हाताने तिथे जा. तिथे मार्शल म्हणून उभे राहा. मार्शल म्हणजे उलटलेली गाडी सरळ करून देणारा माणूस. जगभर रीत अशी आहे की तुमची फेरी संपली की पुढच्या फेरीला तुम्ही मार्शल. कुणालाच हे काम आवडत नाही, त्यामुळे नवीन पोरगा स्वतःहून उभा राहिला की सगळे खूश. आणि दोन तासांत तुम्हाला कळतं कुठली गाडी कुठे तुटते, कोण कुठला पार्ट खिशात घेऊन फिरतो. हे ज्ञान यूट्यूबवर मिळत नाही.

आता स्पीडबद्दल. पेटीवर ८० लिहिलेलं असतं, ते सरळ रस्त्यावर, भरलेल्या बॅटरीवर. ट्रॅकवर सरळ पट्टी असते कितीशी? हिशेब करू. समजा एक फेरी २० सेकंदांची आहे आणि रेस ५ मिनिटांची. म्हणजे १५ फेऱ्या. तुमची गाडी दर फेरीला अर्धा सेकंद वेगवान आहे, हा अर्धा सेकंदसुद्धा खूप झाला. तर ५ मिनिटांत तुम्ही कमावले साडेसात सेकंद. आता एकदा गाडी उलटली. मार्शल धावत येणार, सरळ करणार, तुम्ही पुन्हा वेग घेणार, गेले ५-६ सेकंद. दोनदा उलटलात की कमावलेलं सगळं गेलं, वर तोटा. नवीन माणूस ५ मिनिटांत दोनदा नाही, आठदा उलटतो. मी अकरा वेळा उलटलोय, मोजलंय मित्रांनी. (हसतो.)

म्हणून पहिली गाडी हळू असलेली बरी. साधी ब्रश्ड मोटर घ्या. ब्रशलेसला ताकद जास्त, देखभाल कमी, हे खरंय, पण तो पैसा पहिल्या वर्षी आर्म मोडण्यात जातो.

एक सावधगिरी. खेळण्यातली गाडी आणि हॉबीची गाडी यांत फरक आहे आणि तो किमतीवरून कळत नाही. दुकानात असाल तर ट्रान्समीटरचं स्टिअरिंग अगदी थोडं फिरवा. चाकं थोडीच वळली तर ठीक. एकदम पूर्ण डावीकडे किंवा पूर्ण उजवीकडे गेली तर ती खेळण्यातली गाडी, परत ठेवा. आणि आत सर्वो, रिसीव्हर, स्पीड कंट्रोलर वेगवेगळे बदलता येतात का ते विचारा.

मग पर्याय काय? एक रस्ता जुना आणि छान आहे, तो म्हणजे तामियाचं किट. जपानमधल्या शिझुओकाची ही कंपनी. तिची ग्रासहॉपर आणि हॉर्नेट या बग्ग्या १९८४ च्या, पुढे त्यांची किट्स पुन्हा बाजारात आली. गंमत म्हणजे १९८४ मध्येच अमेरिकेत टीम असोसिएटेडची आरसी१० आली, ॲल्युमिनियम चॅसीवाली, रेसिंगसाठीच बनवलेली. मजेसाठीची बग्गी आणि रेसची बग्गी हा फरक तेव्हापासूनचा आहे. ग्रासहॉपर घेऊन आजच्या मॉडर्न १/१० क्लासमध्ये उतरलात तर मागे राहाल. पण किट जोडताना डिफरन्शियल आत कसा फिरतो, शॉकमध्ये तेल का भरतात, हे हाताला कळतं, आणि तुटल्यावर तुम्ही घाबरत नाही. फक्त बजेट नीट करा. किटच्या पेटीत बहुतेक वेळा मोटर असते, पण ट्रान्समीटर, सर्वो, बॅटरी, चार्जर वेगळं घ्यावं लागतं. अनेक किटमध्ये प्लास्टिकचे बुश येतात, त्यांच्या जागी बॉल बेअरिंग टाकावे लागतात. १५ हजारांत ओढाताण होते.

दुसरा रस्ता म्हणजे तयार गाडी. सध्या बऱ्याच ग्रुपमध्ये डब्ल्यूएलटॉईजची १४४००१ दिसते. १/१४ स्केल, फोर-व्हील ड्राइव्ह, धातूची चॅसी, ५५० ब्रश्ड मोटर, टू-एस बॅटरी. लहान आहे, त्यामुळे ट्रॅकही लहान लागतो. बॅडमिंटन कोर्टाएवढ्या दोन जागा आणि बागेचा जुना पाइप, झाला ट्रॅक. पण माझी अट तीच, तुमच्याकडे ती बाकीचे चालवत असतील तरच.

परदेशी व्हिडिओत सांगितलेली डॉलरमधली किंमत नुसती रुपयांत बदलून खूश होऊ नका. आपल्याकडे खेळण्यांवरचं सीमाशुल्क २०२० च्या बजेटमध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ ला ७०. मी एकदा बाहेरून स्वस्त पार्ट मागवला होता आणि कुरिअरवाल्याने दारात जो आकडा सांगितला तो ऐकून आईने मला आत बोलावलं. तेव्हापासून पार्ट इथल्याच विक्रेत्याकडून.

आता साताऱ्याच्या मित्राचे १५,०००. आम्ही फोनवरच वाटणी केली. गाडीला जास्तीत जास्त ९,०००. बऱ्यापैकी बॅलन्स चार्जर १,८००. दुसरी बॅटरी १,२००. पाने-स्क्रूड्रायव्हर ७००, हेक्सचे दीड, दोन आणि अडीच मिलिमीटरचे चांगले घ्या, स्वस्त पान्याने स्क्रूचं डोकं गोल झालं की रविवार गेला. पार्टसाठी १,५००: पुढच्या आर्मचे दोन सेट, एक स्पर गिअर, एक-दोन पिनियन. उरले ८००, ते राहू देत. काहीतरी निघतंच.

चार्जरवर तो अडला. "दादा, गाडीबरोबर यूएसबी केबल येते की." येते. पण लायपो बॅटरी हा चेष्टेचा विषय नाही. एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट. ३ च्या खाली गेला की सेल खराब व्हायला लागतो. आठवडाभर चालवणार नसाल तर ३.८ च्या आसपास ठेवायची, भरून ठेवायची नाही. बॅलन्स चार्जर यातलं बरंचसं बघतो. गाडीवरून उतरवली की लगेच चार्जला लावू नका, थंड होऊ द्या. गादीवर, पुस्तकांवर चार्जिंग नाही, फरशीवर करा. आणि चार्जला लावून झोपायचं नाही, बाहेर जायचं नाही. होस्टेलवर माझी एक बॅटरी पावासारखी फुगली होती. मी समोर बसलो होतो म्हणून केबल काढून गच्चीवर नेऊन ठेवली. त्या खोलीत आम्ही तिघं झोपायचो.

गिअरची एक युक्ती सांगतो. मोटरचा पिनियन आणि मोठा स्पर गिअर यांत फट किती ठेवायची? वहीच्या कागदाची पट्टी दोघांच्या मध्ये घालून मोटर घट्ट करा आणि पट्टी फिरवून बाहेर काढा. फाटली नाही, नुसत्या घड्या पडल्या, तर फट बरोबर.

तर त्याचं काय झालं? फोन ठेवल्यावर त्याने शोधाशोध केली. दोन दिवसांनी मेसेज, घरापासून सात किलोमीटरवर चार जण एका शाळेच्या मैदानावर चालवतात, चौघांकडे १४४००१. आणि त्यातला एक नोकरीसाठी हैदराबादला चाललाय, गाडी विकतोय, दोन बॅटऱ्यांसकट ७,५००.

रविवारी तो बघायला जाणार आहे. त्याला सांगितलंय ते तुम्हालाही सांगतो. गाडी हातात घेऊन चारही चाकं हाताने फिरवायची, खरखर आली तर डिफ किंवा बेअरिंग गेलंय. प्रत्येक चाक धरून आडवं हलवायचं, ढिलं किती आहे बघायचं. चॅसी सपाट फरशीवर ठेवायची, डुगडुगली तर वाकलीय. स्टिअरिंग सोडल्यावर चाकं सरळ होतात का ते पाहायचं. मग पाच मिनिटं सलग चालवायची आणि मोटरला बोट लावायचं. दोन सेकंदही ठेववत नसेल तर गिअरची फट किंवा पिनियन चुकलाय, नाहीतर मोटर थकलीय, ५०० कमी करून मागायचे. बॅटऱ्या फुगलेल्या असतील तर त्या घ्यायच्या नाहीत, फुकट दिल्या तरी. तेवढे पैसे किमतीतून वजा.

आणि हो, त्या चौघांनी त्याला विचारलंय की लवकर येशील का, मार्शल कमी पडतोय. तो सकाळी सातलाच निघणार आहे.

तुमच्या गावात कुठे चालवतात ते व्हॉइस मेसेज करून कळवा, गाडी कुठली आणि मैदान कसलं तेही सांगा. पुढच्या भागात ती सगळी ठिकाणं वाचून दाखवतो.