पंखा पाण्यात राहिला पाहिजे : छोट्या शिडाच्या बोटीला मोटर कुठे टांगायची?

हेडफोन लावलेत ना? आज एका लोखंडी-अॅल्युमिनियमच्या तुकड्याबद्दल बोलायचंय. कंटाळवाणं वाटेल, पण याच तुकड्यामुळे मी एकदा मुंबई बंदरात, मोठ्या जहाजांच्या वाटेत, बंद मोटर घेऊन बसलो होतो.

आमची बोट 22 फुटी, शिडाची, सेकंडहँड. मागच्या फळ्यावर, म्हणजे ट्रान्समवर, एक माउंट आणि त्यावर 5 हॉर्सपॉवरची मोटर. विकणारा म्हणाला, ‘सगळं सेट आहे.’ आम्ही मान डोलावली. मोटर चालू होते ना, एवढंच बघितलं.

मार्चमधली संध्याकाळ. मांडव्याहून परत येत होतो. मी, मावसभाऊ आणि त्याची 10 वर्षांची मुलगी. सूर्य खाली गेला तसा वारा पडला, ओहोटी जोरात, बोट बाहेर समुद्राकडे सरकायला लागली. मोटर चालू केली आणि मी पुढे नाळेवर शीड उतरवायला गेलो. माझं वजन पुढे गेल्याबरोबर मागची बाजू उचलली गेली, पंखा पाण्याबाहेर! मोटर अशी किंचाळली की पोरगी रडायलाच लागली. मागे आलो की ठीक, पुढे गेलो की परत तेच. त्यात लाटा. मोटर थंड ठेवणारं पाणी खालूनच ओढलं जातं, तिथेही हवा जात होती. दहा-पंधरा मिनिटांत मोटर तापून बंद. शेवटी एका मच्छीमार बोटीने दोर टाकला. तांडेलमामांनी आमच्या मोटरकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, “मोटार बरी हाय, टांगलीय चुकीची.”

घरी येऊन टेप घेतली. हे तुम्हीही करा, पण बोट पाण्यात असताना आणि माणसं-सामान चढवून. माउंट पूर्ण खाली केल्यावर मोटर ज्या फळीवर बसते, तिचा वरचा काठ पाण्यापासून किती उंच? आमचा 14 इंच. आमची मोटर शॉर्ट शाफ्ट, म्हणजे बसण्याच्या जागेपासून पंख्यावरच्या आडव्या पट्टीपर्यंत साधारण 15 इंच. वजा करा. पट्टी पाण्याखाली फक्त 1 इंच! स्पीडबोटीला एवढं चालून जातं. शिडाची बोट लाटेवर पुढे-मागे डुलते, तिला कमी पडतं.

मग खाली-वर होणारं, स्प्रिंगवालं माउंट घेतलं आणि 20 इंची लाँग शाफ्ट मोटर. फळी खाली केली की पाण्यापासून 11 इंच, म्हणजे पट्टी 9 इंच आत. आता मी नाळेवर उभा राहिलो तरी पंखा पाणी सोडत नाही. अजून खाली न्यायचा मोह मात्र टाळा. मागून लाट आली तर मोटरचं डोकंच भिजेल.

माउंट 12 इंच वर उचललं जातं. शिडावर चालताना तेवढ्याने पट्टी बाहेर येते, पंखा नाही! तो पट्टीच्या खाली असतो. म्हणून मोटर तिरकीही करावी लागते. दुकानात विचारताना ‘किती इंच उचलतं’ एवढ्यावर थांबू नका. तिरकी केलेली मोटर सुकाणूला किंवा मागच्या रेलिंगला अडते का, हे स्वतः हाताने करून बघा. आमचं सुकाणू ट्रान्समवरच आहे, त्यामुळे माउंट एका बाजूला बसवावं लागलं. मोटर वळवली तर पंखा सुकाणूच्या पात्याला लागू नये, एवढं अंतर ठेवलं. तोटा एवढाच की बोट दुसऱ्या बाजूला कलली की पंखा थोडा वर येतो.

माउंटवर दोन आकडे असतात, हॉर्सपॉवर आणि वजन. लोक पहिलाच वाचतात. आजची 5-6 हॉर्सपॉवरची फोर-स्ट्रोक मोटर साधारण 25 किलोची. जुन्या टू-स्ट्रोकसाठी घेतलेली स्प्रिंग तिला उचलायला कमी पडते, मग लाटेत वाकून तुमची कंबर उचलते.

आणि बोल्ट. मोटर बोटीला पुढे ढकलते तेव्हा माउंटचा खालचा भाग फळ्यावर दाबला जातो आणि वरच्या बोल्टांवर ओढ येते. आमच्या वरच्या दोन बोल्टांना आतून फक्त वॉशर होते. काढले तर आतलं प्लायवुड ओलं, बोटाने कुस्करलं जात होतं. तेवढा भाग कापून नवीन भरला, आतून मोठी पट्टी लावली, आरपार स्टेनलेसचे बोल्ट आणि प्रत्येक भोकात सीलंट. दोन रविवार गेले. मावसभाऊ अजून कुरकुरतो, पण करायला तोच होता.

क्लँपचे स्क्रू हादऱ्याने सैल होतात, म्हणून मोटरला वेगळा दोर बांधून तो बोटीला अडकवलाय. दर वेळी निघताना स्क्रू पिळून बघतो.

परवा परत मांडव्याला गेलो होतो. पोरगी सोबत होती, या वेळी नाळेवर तीच बसली. पुढच्या भागात सुकाणूबद्दल बोलू. तुमच्या बोटीची मापं व्हॉइस नोटमध्ये पाठवा, टेप लावूनच, अंदाजाने नको. भेटूया!