ऐकण्याचं इंग्रजी

(इंग्रजी संभाषणाचे वर्ग घेणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



तुमच्या वर्गाचं पुस्तक मी काल रात्री चाळलं. आपण काय बोलायचं, याची वाक्यं त्यात भरपूर आहेत. समोरची बाई काय म्हणते ते कसं कळायचं, यावर मात्र एकही पान नाही. माझं नेमकं तिथंच अडलं होतं, म्हणून तेवढ्याबद्दलच बोलते.

१९९८ साली लग्न होऊन मी न्यू जर्सीला गेले. बी.ए.ला इंग्रजीत चांगले मार्क होते. पण तिथली माणसं बोलतात ते मी कधी शिकलेच नव्हते. 'ट्वेंटी'चं 'ट्वेनी' होतं. 'व्हॉट आर यू गोइंग टू डू' हे सहा शब्द 'व्हाड्या गना डू' एवढेच उरतात. 'कॅन' आणि 'कान्ट'चा घोळ तर विचारूच नका. त्यांच्या 'कॅन्ट'मधला ट तोंडातल्या तोंडात राहतो आणि होकाराचा 'कॅन' इतका बारीक होतो की नुसतं 'क्न' ऐकू येतं. म्हणजे 'कॅन' ठसठशीत ऐकू आला, तर बहुतेक वेळा तो नकार!

नवरा म्हणायचा, "तू राहू दे, मी बोलतो." बँकेत, घरमालकाशी, डॉक्टरांशी तोच बोलायचा. खरं सांगते, मलाही ते सोयीचं वाटे. कळलं नाही की हसून 'यस' म्हणायचं, ही सवय लागली.

पहिल्या खेपेला दवाखान्यात नर्सनं घाईघाईनं काहीतरी विचारलं. नवरा शेजारी बसलेला. मला शेवटचा 'होम' एवढाच शब्द कळला. वाटलं, घरी मदतीला कुणी आहे का, असं विचारत असेल. मी 'यस' म्हटलं. तिनं कागदावर खूण केली आणि ती पुढच्या प्रश्नाकडे वळली. तुम्हाला घरात सुरक्षित वाटतं का, असा तो प्रश्न होता. तिथं गरोदर बाईला तो विचारतात, आणि खरं तर ती एकटी असताना विचारायचा असतो. मला हे तीन वर्षांनी समजलं. त्या तीन वर्षांचं इथं सांगत बसत नाही. उत्तर 'यस' नव्हतं, एवढंच.

मधल्या काळात माझा कान तयार केला तो रेडिओनं. 'कार टॉक' नावाचा कार्यक्रम १९८७ ते २०१२ पर्यंत देशभर लागायचा. टॉम आणि रे मॅग्लिओझी हे बॉस्टनचे दोन भाऊ, आणि लोक फोन करून त्यांना आपल्या गाड्यांची दुखणी सांगत. मला गाडी चालवता येत नव्हती. पण फोन करणारे गाडीचा आवाज तोंडानं काढून दाखवत, घर्रर्र, टक टक टक, आणि ते मला पहिल्या दिवसापासून समजे! मग त्या आवाजाच्या आधीचं काय, नंतरचं काय, असं पकडत गेले. टेप करून ठेवायची, भांडी घासताना पुन्हा लावायची. गॅरेजवाला ऐकत नाही, नवरा म्हणतो गाडीला काही झालेलं नाही, अशा बायकांच्या तक्रारी असत. नवे शब्द थोडेच होते. जुनेच एकमेकांना चिकटून येत.

दुसरी शाळा म्हणजे नाणी टाकून कपडे धुवायचं दुकान. माझ्याशी बोलताना तिथल्या बायका मी बहिरी असल्यासारख्या मोठ्यानं आणि सावकाश बोलत. आपसात बोलत ते खरं बोलणं. चोरून ऐकणं म्हणा हवं तर. तिथं मला कळलं, की त्यांनाही एकमेकींचं सगळं कळत नाही. घडीघडीला कुणीतरी "से दॅट अगेन?" म्हणते, आणि त्याची कुणालाच लाज वाटत नाही.

दुसऱ्या खेपेला नर्स आली. प्रश्न तसाच, तितक्याच घाईचा. नवरा बाहेर गाडी लावत होता. मी म्हटलं, "से दॅट अगेन." तिनं हातातला कागद खाली ठेवला, खुर्ची ओढली, दार लावलं आणि सावकाश पुन्हा विचारलं.

गोऱ्या बायकांसारखं बोला, असं मी म्हणत नाही. माझे उच्चार अजून सांगलीचेच आहेत. पण तुमच्या वर्गात तासातली वीस मिनिटं तरी नुसतं ऐकण्याला द्या.

मी फोनवर दोन मिनिटांचं एक संभाषण आणलंय. दोघी बहिणी बोलताहेत. अर्थ लावू नका, लिहून घेऊ नका. पहिल्यांदा फक्त एवढंच सांगा, कोण कुणावर चिडली आहे? मागच्या रांगेपर्यंत आवाज येतोय ना?