आत्याची वकिली

गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या सातारा-सांगलीकडं घरोघरी जुने कागद धुंडाळले गेले. कुणबी नोंद मिळावी म्हणून पेट्या उघडल्या, मोडी वाचणारा माणूस गाठला, हेळव्याच्या वहीत वंशावळ बघितली. पणजोबा सापडले, खापरपणजोबा सापडले. पणजी किती जणींना सापडली?

आज अशा एका शोधाविषयी बोलते. लंडनला रिचर्ड सोराबजी नावाचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. कॉर्नेलिया ही त्यांची सख्खी आत्या. ती १९५४ साली वारली. तिची पत्रं, डायऱ्या तिथल्या ब्रिटिश लायब्ररीत जपलेल्या आहेत. त्या कागदांतून भाच्यानं आत्याची वकिली उलगडली आणि २०१० साली तिच्यावर पुस्तक काढलं.

कॉर्नेलिया आपल्या नाशिकची, जन्म १८६६ चा. वडील पारशी, ख्रिस्ती झालेले. ती पुण्याला डेक्कन कॉलेजात शिकली. परीक्षेत वरचा नंबर आला. त्या नंबराला विलायतेत शिकायची सरकारी शिष्यवृत्ती असायची, पण ही बाई म्हणून हिला नाकारली. मग विलायतेतल्या काही ओळखीपाळखीच्या लोकांनी पैसे जमवले आणि १८८९ साली ती ऑक्सफर्डला गेली. १८९२ ला तिथली कायद्याची परीक्षा दिली. ती देणारी ती पहिलीच बाई. पास झाली, पण पदवी हातात पडली तीस वर्षांनी! इकडं येऊन मुंबई विद्यापीठाची एलएल.बी. केली, अलाहाबादला वकिलीची परीक्षा दिली. त्यातही पास. तरी वकिलीची परवानगी नाही.

मग करायचं काय? त्या काळी मोठ्या जमीनदारांच्या विधवा पडद्यात असायच्या. परपुरुषापुढं यायचं नाही, आणि वकील तर सगळे पुरुष. त्यामुळं इस्टेट बाईच्या नावावर आणि कारभार दिराच्या नाहीतर कारभाऱ्याच्या हातात. कागद आत यायचा, अंगठा उठवून बाहेर जायचा. कॉर्नेलिया पडद्याच्या आत जाऊन बसायची, कागद समजावून सांगायची. १९०४ पासून तिला बंगालकडं सरकारी नेमणूक मिळाली. वीसेक वर्षांत सहाशेच्या आसपास बायका-पोरांची कामं तिनं बघितली. बायकांना वकिली करायला मोकळीक देणारा कायदा झाला १९२३ साली. तेव्हा ही सत्तावन्नची होत आलेली.

तिचं सगळंच मला पटत नाही, हेही सांगते. गांधीजींची चळवळ तिला मान्य नव्हती, ती इंग्रजांच्या बाजूची. पण कागद न वाचता अंगठा देणाऱ्या बायकांसाठी तिनं जे केलं, ते मला फार जवळचं वाटतं. आपल्याकडं अंगठ्याच्या जागी सही आली. हक्कसोडपत्राचा कागद मात्र अजून तसाच पुढ्यात येतो. भाऊबीजेला साडी, आणि साडीबरोबर तालुक्याला चक्कर. वडिलोपार्जित जमिनीत लेकीला मुलाइतका हक्क महाराष्ट्रात १९९४ ला आला, देशभर २००५ ला. सही करायची की नाही हे जिचं तिनं ठरवावं. काय सोडतोय ते आधी वाचावं.

आणि आत्याचं म्हणाल, तर प्रत्येकीच्या घरात एक आत्या असते, जिच्याबद्दल 'ती भांडून गेली' एवढंच सांगतात. ती कशासाठी भांडली? तहसीलमधून त्या गटाचा जुना फेरफार काढा. वारस म्हणून तिचं नाव लागलं होतं का, कमी कधी झालं, कशाच्या आधारानं, हे तिथं लिहिलेलं असतं. दावा चालला असेल तर घरात निकालाची नक्कल असेल, बहुधा पत्र्याच्या ट्रंकेत खाली. आणि जायच्या आधी म्हाताऱ्या माणसांकडून तिचं माहेरचं नाव, सासरचं नाव, दोन्ही लिहून घ्या. कागदात कुठल्या नावानं ती सापडेल, सांगता येत नाही.