देवळालीचा ताप आणि सोंगट्यांचा पट



आपण नाशिककर देवळाली कॅम्पला जातो ते चांगल्या हवेसाठी. इंग्रजीत मात्र या गावाच्या नावाचा अर्थ डोके फिरणे असा झाला आहे. इंग्रजी अमदानीत मुदत संपलेले गोरे सोल्जर बोटीची वाट पाहत इथल्या छावणीत थांबत. बोटी हिवाळ्याच्या हंगामातच सुटत. तो हंगाम चुकला की महिनोन्‌महिने मुक्काम. कवायत नावापुरती, हाताला काम नाही, वर ऊन. काहीजण भ्रमिष्टासारखे वागू लागत. मग सोबती म्हणत, याला ‘डूलाली टॅप’ झाला. डूलाली म्हणजे देवळाली आणि टॅप म्हणजे आपला ताप.

त्याच देवळालीत आज भारतीय तोफखान्याची शाळा आहे. तिथे नेम साधायला शिकवतात. मन सांभाळायलाही शिकावे लागते, पण ते नुसत्या व्याख्यानाने येत नाही. खेळाने येईल, असे मला मनापासून वाटते.

2020 साली बर्लिनच्या सैनिकी रुग्णालयातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. युद्धाचा आघात मनात घेऊन आलेल्या सैनिकांवर नेहमीचे मानसोपचार चालू होते. त्यांतल्या एका गटाला सहा आठवडे रोज तासभर टेट्रिस हा ठोकळे जुळवायचा व्हिडिओ गेम खेळायला दिला. त्या गटात मेंदूतला, स्मृतीशी निगडित असा हिप्पोकॅम्पस हा भाग वाढलेला दिसला. खेळ उपचाराच्या जोडीला होता, उपचाराऐवजी नव्हता, हे विसरू नये.

आपल्याकडे तर खेळातून शिकवण्याची रीत जुनीच. मोक्षपट ज्ञानेश्वरांनी रचला, असे परंपरा मानते. सद्गुणाची शिडी, दुर्गुणाचा साप. तसाच पट जवानांसाठी करावा. ‘झोप लागत नाही, पण कुणाला सांगितले नाही’, या घरात साप. ‘जोडीदाराशी बोललो’, इथे शिडी. स्वतःबद्दल जे तोंडातून निघत नाही, ते सोंगटीबद्दल सहज बोलता येते. बॅरेकमधल्या चौघांनी फासे टाकले, की कुणीतरी म्हणतोच, “हे माझंही झालंय.” तिथून पुढचे बोलणे महत्त्वाचे.

आपल्या घरी रजेवर जवान आला असेल, तर त्याला लढाईच्या गोष्टी विचारण्याआधी पट मांडा. आणि त्याची झोप उडालेली दिसली, तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीला फोन करा. क्रमांक 14416. तिथे मराठीतूनही बोलता येते.