कर्नल बदलला, काटा थांबला



‘कर्नल’ म्हटले की लष्करी गणवेशातला अधिकारी डोळ्यांसमोर उभा राहतो. मी आज ज्या कर्नलविषयी बोलणार आहे, तो संगणकात राहतो. इंग्रजीत दोघांचा उच्चार सारखाच, पण या दुसऱ्या शब्दाचा अर्थ आहे गर किंवा गाभा. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नल. डिस्क, पडदा, छपाई यंत्र, नेटवर्क या सगळ्यांशी प्रत्यक्ष व्यवहार तोच करतो. बाकीच्या प्रोग्रॅमना काही हवे असेल तर त्याच्याकडेच मागावे लागते.

त्याची आणि माझी खरी ओळख झाली ती एका फजितीतून. २००७ सालची गोष्ट. एका गावच्या दूध संस्थेचा संगणक मी सांभाळत होतो. त्यावर लिनक्स होते. वजनकाटा आणि फॅट मोजण्याचे यंत्र, दोन्ही एका जास्तीच्या कार्डामार्फत संगणकाला जोडलेली होती. दूध ओतले की वजन आणि फॅट आपोआप नोंदले जाई आणि सभासदाच्या हातात छापील पावती पडे. आकडे हाताने लिहिण्याच्या दिवसांत होणारी कुरबुर त्यामुळे थांबली होती.

एके संध्याकाळी मी त्या संगणकावर सगळी नवी अपडेट्स चढवली आणि समाधानाने घरी गेलो. पहाटे सव्वापाचला सचिवांचा फोन आला. “सर, काटा बोलंना झालाय. लाइन पार पिंपळापातुर गेलीया.”

मी मोटारसायकल काढून पोहोचलो. काटा उत्तम चालत होता. त्याचे आकडे संगणकापर्यंत येत नव्हते. रात्री अपडेटबरोबर नवा कर्नल आला होता आणि त्या कार्डाचा ड्रायव्हर त्याच्याकडे नव्हता. जुना ड्रायव्हर मी तसाच उचलून घातला. कर्नलने तो नाकारला. मग ड्रायव्हरचा मूळ मजकूर माझ्याकडे होता, तो पुन्हा कंपाइल केला. एकही चूक न दाखवता काम पूर्ण झाले, मला हायसे वाटले, आणि कर्नलने तोही नाकारला.

असे का झाले, हे कळण्यासाठी हेडर फाइल म्हणजे काय ते पाहू. शिंप्याच्या वहीतली मापाची चिठ्ठी आठवा. त्या चिठ्ठीत कापड नसते आणि माणूसही नसतो. छाती इतकी, बाही इतकी, एवढेच लिहिलेले असते. हेडर फाइल अशीच असते. कर्नलमध्ये कोणती कामे उपलब्ध आहेत, त्यांना कोणती माहिती कोणत्या क्रमाने द्यायची, कोणत्या रचनेत किती जागा आहे, हे तिच्यात लिहिलेले असते. कंपाइलर ही चिठ्ठी वाचून प्रोग्रॅम बेततो. समोरचा माणूस त्याला दिसत नाही.

माझ्या संगणकावर कर्नल नवा होता, पण त्याच्या हेडर फाइल्स जुन्याच राहिल्या होत्या. शिवण निर्दोष झाली होती, माप मात्र दुसऱ्याचे होते. सुदैवाने प्रत्येक ड्रायव्हरवर तो कोणत्या कर्नलसाठी बांधला आहे याचा शिक्का असतो. कर्नलने तो पाहिला आणि ड्रायव्हरला दारातच अडवले. आत घेतले असते तर चुकीच्या जागी चुकीचा आकडा लिहिला जाऊन सगळा संगणकच कोलमडू शकला असता.

शेवटी मी संगणक पुन्हा सुरू केला आणि सुरुवातीच्या यादीतून जुना कर्नल निवडला. दोन मिनिटांत काटा बोलू लागला. पण तोवर निम्म्या लोकांचे दूध वहीत लिहून झाले होते. त्या आकड्यांवरून पुढे आठवडाभर मला बोलणी खावी लागली, आणि ती वाजवी होती.

दुपारी नव्या कर्नलच्या हेडर फाइल्स आणून बसलो, तर आता कंपाइलरच अडला. आधीचा कर्नल होता २.६.१८ आणि नवा त्याच्या पुढचा. दोहोंच्या मधे, २००६ च्या अखेरीस आलेल्या २.६.१९ मध्ये एक बदल झाला होता. एखादे उपकरण कर्नलचे लक्ष वेधते तेव्हा ड्रायव्हरमधला जो भाग धावून येतो, त्याला आधी तीन गोष्टी सांगितल्या जात. आता दोनच सांगितल्या जाऊ लागल्या. बदल एवढासा, पण कर्नलच्या बाहेर राहिलेल्या कितीतरी ड्रायव्हरना त्यासाठी दुरुस्ती करावी लागली. माझ्या ड्रायव्हरलाही.

मला राग आला. हे लोक मनाला येईल तसे बदल करतात, असे वाटले. नंतर वाचत गेलो तेव्हा कळले, की इथे दोन वेगवेगळे करार आहेत आणि मी त्यांची गल्लत करत होतो.

पहिला करार कर्नल आणि सामान्य प्रोग्रॅम यांच्यातला. हा बँकेच्या खिडकीसारखा असतो. प्रोग्रॅम खिडकीवर येतो आणि कामाचा क्रमांक सांगतो. ३२ बिटच्या इंटेल पद्धतीच्या संगणकांवर लिनक्समध्ये ३ म्हणजे वाचणे, ४ म्हणजे लिहिणे. हे क्रमांक बदलत नाहीत. हेलसिंकी विद्यापीठात शिकत असताना १९९१ मध्ये लिनक्स सुरू करणारे लिनस टोरवाल्ड्स या बाबतीत कमालीचे कडक आहेत. डिसेंबर २०१२ मध्ये एका बदलामुळे काही प्रोग्रॅम बिघडले आणि संबंधित सहकाऱ्याने दोष प्रोग्रॅमवर टाकला. तेव्हा टोरवाल्ड्स यांनी मोठ्या अक्षरांत त्याला खडसावले. आशय असा, की चालता प्रोग्रॅम कर्नलमुळे बंद पडला तर चूक कर्नलची.

हा शब्द पाळण्यासाठी काय काय करावे लागते पाहा. २०११ मध्ये २.६.३९ नंतरच्या आवृत्तीला ३.० असा क्रमांक दिला गेला. बदल फक्त नावाचा होता. पण आवृत्तीचा आकडा २.६ नेच सुरू होणार असे काही जुने प्रोग्रॅम गृहीत धरून बसले होते. तेव्हा त्यांच्यापुरते स्वतःला २.६ म्हणवून घेण्याची सोय कर्नलमध्ये करण्यात आली. दुसरे उदाहरण कालगणनेचे. १९ जानेवारी २०३८ रोजी ३२ बिटचा सेकंदांचा आकडा भरून वाहणार आहे. त्यासाठी २०१९ मध्ये ५.१ आवृत्तीत नव्या खिडक्या उघडल्या, पण जुन्या बंद केल्या नाहीत. अपवाद होतात. ‘ए.आउट’ हा प्रोग्रॅम साठवण्याचा फार जुना प्रकार २०२२ मध्ये काढून टाकला गेला, पण तोवर तो वापरणारे जवळजवळ कोणी उरले नव्हते.

इथे दिशा मात्र ध्यानात ठेवावी. जुना प्रोग्रॅम नव्या कर्नलवर चालावा, हे वचन आहे. नवा प्रोग्रॅम जुन्या कर्नलवर चालेल, असे कोणी म्हटलेले नाही. नव्या हेडर फाइल्समध्ये नव्या खिडक्यांचे क्रमांक असतात. जुन्या कर्नलकडे तो क्रमांक मागितला तर ‘असे काम इथे होत नाही’ एवढेच उत्तर मिळते.

दुसरा करार कर्नलच्या आतल्या भागांचा, म्हणजे ड्रायव्हरचा. इथे वचन नाहीच, आणि तसे स्पष्ट सांगितलेले आहे. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी यावर लिहिलेले टिपण कर्नलच्या कागदपत्रांतच ठेवलेले आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : घराच्या आतल्या भिंती हलवण्याची मोकळीक राहिली तरच घर सुधारता येते. तुमचा ड्रायव्हर मूळ कर्नलमध्ये सामील करा. मग आतला बदल जो करील, तोच तुमचा ड्रायव्हरही दुरुस्त करील.

गंमत अशी, की या दोन्ही करारांच्या चिठ्ठ्या कितीतरी वर्षे एकाच बाडात बांधलेल्या होत्या. प्रोग्रॅमसाठीच्या हेडर फाइल्सच्या जागी कर्नलच्या मूळ मजकुराकडे नेणारी नुसती वाट जोडून ठेवण्याची रीत होती. कोणी नवा कर्नल आणला की सगळ्या प्रोग्रॅमचे माप आपोआप बदले. ही रीत चुकीची आहे, सी लायब्ररी ज्या हेडर फाइल्सवर बांधली त्याच तिच्यासोबत राहू द्या, असे टोरवाल्ड्स यांनी २००० मध्ये बजावले. २००६ मध्ये २.६.१८ आवृत्तीत बाहेरच्यांसाठीच्या हेडर फाइल्स निवडून वेगळ्या काढण्याची सोय आली, आणि २०१२ मध्ये ३.७ आवृत्तीत त्यांना स्वतंत्र कप्पाच मिळाला.

हे सगळे जाणकारांपुरते आहे असे समजू नका. तुमच्या हातातला अँड्रॉइड फोन लिनक्स कर्नलवरच चालतो. चांगला चालणारा फोन काही वर्षांनी नव्या सुधारणांना मुकतो, त्याच्या अनेक कारणांपैकी एक हेच आहे. त्यातल्या चिपचे ड्रायव्हर एका ठरावीक कर्नलच्या मापाने शिवलेले असतात आणि ते उसवून पुन्हा शिवायला कोणी तयार नसते.

आता कोणी मला ‘काल चालत होते, आज बंद पडले’ असे सांगितले, की मी आधी चालू असलेल्या कर्नलचा पूर्ण क्रमांक विचारतो. ‘युनेम’ या आज्ञेने तो कळतो. हेडर फाइल्सचा क्रमांक त्याच्याशी शेवटच्या आकड्यापर्यंत जुळतो का, ते पाहतो. आदला कर्नल काढून टाकू नका, असेही सांगतो. प्रत्येक नव्या कर्नलबरोबर बाहेरचे ड्रायव्हर आपोआप पुन्हा बांधणारी ‘डीकेएमएस’ नावाची सोय आहे. ती त्या वेळीही होती. मी ती वापरली नव्हती.

दूध संस्थेच्या सचिवांनी मात्र त्याच दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरजवळ एक सूचना खिळ्याला अडकवली होती. “संगणकाचे काम सकाळचे दूध गेल्यावरच करणे. संध्याकाळी हात लावू नये.” एवढी सोपी सूचना मला कोणत्याही पुस्तकात सापडली नव्हती. ती मी आजही पाळतो.