वरचा मजला कोणाचा?

गारखेड्यात सूतगिरणी चौकाकडून पुंडलिकनगरच्या गल्ल्यांत शिरलात आणि मान जरा वर केलीत, तर घरोघरी गच्चीवर कॉलमच्या गजांची टोकं दिसतील. गंजलेली, एखाद्यावर पाण्याची बाटली उलटी घातलेली. घर बांधणाऱ्यानं तीस वर्षांपूर्वी ते गज मुद्दाम कापले नाहीत. पोरगं मोठं होईल, त्याचं लग्न होईल, मग वर मजला चढवू, असा त्यामागं हिशोब होता.

ती पोरं आता तिशीत आहेत. वाळूजला, शेंद्र्याला, चिकलठाण्याला नोकरी करतात. मी बँकेत बरीच वर्षं गृहकर्जाचं काम पाहिलं, त्यामुळे निवृत्त झालो तरी ती माझ्या ओसरीवर येऊन बसतात. "काका, फ्लॅट घेऊ की आईबाबांजवळच राहू?" मी म्हणतो, तुझ्या गच्चीवरचे गज तू विसरलास. आपल्या भागात वाटा दोन नाहीत, तीन आहेत, आणि सगळ्यात जास्त घोळ तिसरीत होतो.

फ्लॅटचं गणित तसं सरळ आहे. समजा बीड बायपासच्या पलीकडे, सातारा-देवळाईत 35 लाखांचा फ्लॅट पाहिला. 30 लाख कर्ज, साडेआठ टक्के व्याज, वीस वर्षं मुदत. हप्ता पडतो 26 हजार. वीस वर्षांत बँकेला साडेबासष्ट लाखांच्या आसपास जातात. पहिल्या वर्षी तुम्ही 3 लाख 12 हजार भरता, त्यातून मुद्दल फिटतं साठ हजारांच्या आत. बाकी सगळं व्याज. वरचे पाच लाख स्वतःचे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी बँक सहसा कर्जात धरत नाही, ते दोनेक लाख वेगळे. बांधकाम चालू असलेला फ्लॅट असेल तर जीएसटी, मग फर्निचर. म्हणजे हाताशी आठ-दहा लाख रोख नसतील तर रजिस्ट्रीच्या आदल्या रात्री बायकोचे दागिने सोनेतारण कर्जाला जातात. मी ते काउंटरच्या अलीकडून खूपदा पाहिलं आहे. रजिस्ट्री बायकोच्या नावावर केली तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, ती मात्र सोडू नका. आणि पाणी नळाचं आहे, बोअरचं की टँकरचं, हे बिल्डरला नको, वरच्या मजल्यावर राहायला आलेल्या बाईला विचारा.

घरी राहण्याबद्दल थोडंच सांगतो. आईबाबांजवळ राहण्यात कमीपणा नाही. पण भाडं वाचतं म्हणता, तर ते वाचलेले पैसे दाखवा. मी मुलांना एक वर्षाची परीक्षा देतो. दर महिन्याच्या पाच तारखेला 26 हजार रुपये आवर्ती ठेवीत टाका, हप्ता कापला गेला असं समजून. बारा महिने जमलं तर तीन लाखांवर रक्कम हातात आली आणि हप्ता झेपतो हेही कळलं. चौथ्या महिन्यातच मोडलं, तर फ्लॅटचा विचार तूर्त बाजूला ठेवा. या काळात आईच्या हातावर महिन्याचा ठरलेला आकडा ठेवा. किराणा कधीमधी आणून टाकला, हे देणं नव्हे.

आता तिसरी वाट. वीस बाय तीसचा प्लॉट, म्हणजे सहाशे फूट. चौरस फुटाला 1,800 रुपये धरले तर जवळपास अकरा लाखांत वरचा मजला उभा राहतो. 10 लाख कर्ज पंधरा वर्षांसाठी घेतलं तर हप्ता दहा हजारांच्या आत. 26 हजार आणि दहा हजार! कुणीही वरचा मजलाच निवडेल, आणि बहुतेकदा मीही तोच निवडायला सांगतो. आधी अट एकच, कागद.

पहिला कागद प्लॉटचा. आपल्याकडे कितीतरी प्लॉट बाँड पेपरवर घेतलेले आहेत. 2001 च्या गुंठेवारी कायद्यानं अशी घरं नियमित करून घेण्याची सोय झाली, आणि 2021 च्या दुरुस्तीनं ती 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांना लागू झाली. पण हे नियमितीकरण जे उभं आहे त्याचं. नव्या मजल्याला महापालिकेची वेगळी परवानगी लागते. बाँडवर बँक कर्ज देत नाही, आणि मग मुलं खासगी फायनान्सकडे जातात, दुप्पट व्याजानं. आणि कर्ज कुठूनही काढण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला घरी आणा. वर गज दिसले म्हणजे खालचा पाया दोन मजल्यांचाच आहे, असं नसतं. काळ्या मातीत पाया किती खोल गेला आहे, हे त्यालाच पाहू द्या.

दुसरा कागद घरातल्या माणसांचा, आणि इथं मी स्वतः चुकलो. 1998 साली प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढून मी वडिलांच्या घरावर दोन खोल्या चढवल्या. जमीन वडिलांच्या नावावर, खालचं घर वडिलांचं. बाप-लेकात कसला कागद, म्हणालो. 2011 ला वडील गेले. पुढं गच्ची गळू लागली म्हणून दुरुस्तीसाठी कर्ज मागितलं, तर वारस म्हणून आईची आणि दोघी बहिणींची सही हवी. परभणीचे मेहुणे भले माणूस. म्हणाले, "सही होईल, पण एकदा खर्चाचा हिशोब तरी दाखवा." सिमेंटची एक पावती माझ्याकडे नव्हती. बहिणींनी सह्या दिल्या. पण त्या दुपारी माझ्याच घरात मी मान खाली घालून बसलो होतो.

कायदा काय म्हणतो ते नीट ऐका. हिंदू कुटुंबात वडील मृत्युपत्र न करता गेले, तर त्यांच्या स्वकमाईच्या घरात बायको, मुलगे, मुली आणि हयात असेल तर त्यांची आई, सगळ्यांना सारखा वाटा मिळतो. मुलींना हक्क 2005 पासून आला असं लोक समजतात. ती दुरुस्ती वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीबद्दल होती. वडिलांच्या कष्टाच्या घरात मुलीचा वाटा 1956 च्या कायद्यापासूनच आहे. वरचा मजला मी बांधला म्हणून माझा वाटा मोठा, असं आपोआप होत नाही. मुस्लिम कुटुंबांत वाटणी त्यांच्या वैयक्तिक कायद्यानं होते, आणि तिथं इतर वारसांच्या संमतीशिवाय मृत्युपत्रानं एक तृतीयांशापेक्षा जास्त देता येत नाही. तेव्हा आपापल्या वकिलाला विचारा.

वडील हयात असताना काय करता येतं? मृत्युपत्र साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर होतं. नोंदवलं तर जास्त चांगलं. त्यात मजला कोणी, कोणत्या पैशानं बांधला, हे लिहून ठेवा. बांधकामाचे पैसे बँकेतूनच द्या, म्हणजे पासबुक साक्ष देईल. बक्षीसपत्रही करता येतं. महाराष्ट्रात राहतं घर मुलाला किंवा मुलीला बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क अवघं 200 रुपये, स्थानिक अधिभार वेगळा. स्वस्त आहे म्हणून मुलं वडिलांना घाई करतात.

इथं मी आईवडिलांच्या बाजूला आहे. हयातीत सगळं घर लिहून देऊ नका. द्यायचंच असेल तर आम्ही दोघं शेवटपर्यंत इथंच राहू आणि मुलगा सांभाळ करील, ही अट त्याच कागदात घालून घ्या. अशी अट मोडली तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे जाऊन ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं. मुलाच्या कर्जासाठी खालचं घर गहाण ठेवताना हप्ता थकला तर बँक कोणाच्या दारात येईल, हेही मुलाच्या तोंडून ऐकून घ्या.

उरलं रोजचं जगणं. जिना बाहेरून घ्या. वीजमीटर वेगळं घ्या. नळाला पाणी आपल्याकडे काही दिवसांआड येतं, त्यामुळे खालचा हौद एक असला तरी वरची टाकी वेगळी हवी. सासू-सुनेची निम्मी भांडणं स्वयंपाकावरून होत नाहीत, मोटार कोणी चालू केली यावरून होतात. स्वयंपाक एकत्र ठेवायचा की दोन चुली, हे घरातल्या बायकांनी ठरवावं. आपण पुरुषांनी त्यात पडू नये.

आणि एक विनंती. तुमच्या गच्चीवरच्या गजांना नवे गज जोडायचं ठरलं असेल, तर वाळूची ट्रॉली दारात रिकामी होण्याआधी सासरी असलेल्या बहिणीला फोन करा आणि सगळा आकडा तिला सांगा.